मामांचा ओला नमदा

मामा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी अमरावतीला कॉलेजात पोरांना लॅन्थनाइड्स, म्हणजे सेरियमच्या कुळातली मूलद्रव्यं, शिकवत होतो. त्याला दीड महिना झाला. अकोल्यातल्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, अमरावतीच्या कॉलेजातले माझे जुने रसायनशास्त्राचे सर आले, माइक धरला आणि म्हणाले, "अडाणी, पण कष्टाळू गृहस्थ होते." अडाणी! तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

मामा चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासत. शेवटचा हात सेरियम ऑक्साइडचा. गुलाबीसर पावडर पाण्यात कालवायची आणि फिरत्या नमद्यावर, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड गादीवर, काच धरायची. "नमदा सुकू देऊ नको," ते मला बजावत, "सुकला का काच तापते, मंग तिच्यावर ढग बसते." आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी, पण माझी पहिली प्रयोगशाळा तीच.

बीएस्सीच्या तोंडी परीक्षेत याच सरांनी सेरियम ऑक्साइडचा उपयोग विचारला. मी नमद्यापासून सुरुवात केली. पाणी किती, दाब किती, कडा आधी का झिजतात... सर हसले. "ही दुकानदारी झाली. पुस्तकातलं सांग." पुस्तकात एकच ओळ होती, काचेच्या पॉलिशसाठी. ती जशीच्या तशी म्हटली नाही, म्हणून मार्क कापले. जन्मभर ती ओळ शिकवणाऱ्या माणसानं ती पावडर बोटांत कधी धरली नव्हती. विभागातली बाटली सीलबंदच होती.

आणि हाच विद्वान खडूनं माखलेल्या रुमालानं चष्मा पुसायचा! ओरखडे पडले की माझ्याच हाती अकोल्याला मामांकडे पाठवायचा. मामा काच उजेडात धरत. "काय बे, तुहे सर फळा पुसते का चष्मा?" तरी घासून देत. "त्याले दिसलं पायजे. पोरं शिकवते तो." मामांच्या या मोठेपणाचा मला तेव्हा राग यायचा. आजही येतो.

त्या दिवशी भाषण संपल्यावर सरांनी मला मंडपाबाहेर गाठलं. चष्मा काढून पुढे केला. "बघ, ओरखडे वाढलेत. आता हे कोण करून देणार?"

"सर, पुस्तकात दिलंय," मी म्हणालो.

सरांनी सवयीनं खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला लागले...

सरांच्याच जुन्या विभागात आता मी शिकवतो. बाटलीचं सील मीच फोडलं. मामांचा नमदा तिथे आणून ठेवलाय. पोरांनी आधी ओरखडलेली काच घासायची, मग पुस्तक उघडायचं. तास संपतो, पोरं जातात, आणि कारण नसतानाही मी नमद्यावर ओंजळभर पाणी मारतो.