चित्रांचं बारसं

माझ्या चित्रांत काय आहे, हे मला विचारू नये. मला ठाऊक नसतं. कॅनव्हास जमिनीवर टाकायचा, हाताला येईल तो रंग ओतायचा, भिंतीच्या भेगांत लांबी भरायच्या पट्टीनं तो ओढत न्यायचा आणि हात थांबला की आपणही थांबायचं, एवढीच माझी पद्धत. आमच्या राजुरीत मात्र सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात बिबट्या असतो, गावच्या उसात असतो तसाच. शेजारणीला तो उसात बसलेला दिसतो, वायरमनला कुंपणावरून उडी मारताना. नवऱ्याचं तर विचारूच नका. निळ्यावर निळा दिला तरी तो मान तिरकी करून म्हणतो, "त्यी बघ, शेपटी."

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या एका प्रदर्शनात माझी सहा चित्रं लागायची ठरली, आणि तिथून निरोप आला की प्रत्येकाला नाव हवं. मी डोकं खाजवून 'अंतर्नाद', 'शून्याच्या पलीकडे' अशी नावं काढली. नवरा म्हणाला, "पयलं दवाखान्याचं वाटतंय आन् दुसरं ढाब्याचं."

मी चिडले. "मग तुम्हीच ठेवा की!"

"मी कसा ठेवणार? नाव ठेवायचा मान आत्याचा. आक्काला बोलव," तो हसत बोलून गेला, आणि लगेच त्यानं जीभ चावली.

कारण आमच्या घरात आत्याला नाव ठेवायला मिळालंच नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली, दवाखाने झाले, मूल झालं नाही. माझ्या वाटणीचं मी रडून घेतलं आणि रंगांच्या डब्यांत हात घातला. पण नणंदेचं काय, ते मला कधीच कळलं नाही. ती घोडेगावच्या बाजूला दिलेली, माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, बोलायला फटकळ. या एका विषयावर मात्र तिनं कधी चकार शब्द काढला नाही, आणि तिच्या त्या गप्प राहण्याची मला भीती वाटायची. आपला मान हिच्यामुळे हुकला, असं तिच्या मनात असेल का? आता तिला रंगाच्या फरकाट्यांना नावं ठेवायला बोलवायचं म्हणजे जखमेवर मीठच. तरी नवऱ्यानं फोन लावला. पलीकडून "येते" एवढंच ऐकू आलं.

ती एसटीनं आली ती मोठा थोरला डबा घेऊन. झाकण उघडलं तर आत हरभऱ्याच्या घुगऱ्या.

"बारसं म्हणल्यावर घुगऱ्या नगंत व्हय?" ती म्हणाली. चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ. मी निमूट वाट्या काढल्या.

मग पदर खोचून ती चित्रांपुढे उभी राहिली. लाल-काळ्याकडे एकदा बघितलं. "हे 'लाईट आली'." करड्याकडे बोट केलं. "'पावणं गेलं एकदाचं'." हिरव्याजवळ जरा घुटमळली. "आन् हे 'जावई रुसलं'. बघ की कसं तोंड फिरवून बसलंय."

"वन्सं, पुण्याची माणसं हसतील."

"हसू दे की. तुज्या त्या अंतर्नादाला कोन हसणार व्हतं?"

मला हसू आवरेना. असं करत पाच नावं झाली. सहावं चित्र मी भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. फिकट पिवळं, मधे जरासं गुलाबी, छोटंसंच. ते करताना हात कुठे थांबवावा हे मला कळलं नव्हतं. तिनं ते स्वतःच वळवलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"हिचं नाव म्या तुज्या लग्नातच ठरिवलंय," ती म्हणाली. "पोरगा झाला असता तर पंचाईत व्हती. दुसरं कधी सुचलंच न्हाई."

ती वाकली, कॅनव्हासच्या कडेशी तोंड नेलं, हळूच "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं. साधं नाव, अंगणातून हाक मारायला सोपं. ते मी इथे लिहीत नाही.

"आता बघत काय बसलीस? हाण की पाठीत!"

बारशाला आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं की जमलेल्या बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात, ही आमच्याकडची रीत. इतक्या बारशांना जाऊन आले, पण मी कायम मागच्या रांगेत. माझा पहिला बुक्का कसाबसा बसला.

"जेवली न्हाईस का?" ती वाकूनच म्हणाली.

मग मी हाणले, दोन्ही हातांनी, आणि हाणता हाणता रडले. तीही रडली, पाठ चोळत. इतकी वर्षं जिला मी घाबरत होते, ती एक नाव सांभाळत बसली होती.

संध्याकाळी नवरा रानातून आला. घुगऱ्यांची वाटी घेऊन चित्रांपुढून फिरला, नव्या नावांवर पोट धरून हसला, आणि तरीही त्याला त्यांत बिबटे सापडलेच. सहाव्यापाशी आक्कानं त्याला नाव सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. मान तिरकी न करता तो बघत उभा राहिला.

"हिच्यात बिबट्या न्हाई," तो म्हणाला. "हिला पुण्याला धाडू नगं."