सांगणाऱ्याने हात लावायचा नाही

ज्या बाईंना आयुष्यभर एकच भाषा आली, मुलांनी मात्र एकमेकांच्या भाषा शिकाव्यात असा आग्रह त्यांनी का धरला? मी पुष्कळांना विचारले. उत्तर मिळाले नाही.

बाई सातवीला विज्ञान शिकवत. वर्गात चार भाषा बोलणाऱ्या घरांतली मुले होती. प्रयोगाच्या तासाला बाई भिन्नभाषी जोड्या लावत. एकाने प्रयोग सांगायचा, दुसऱ्याने करायचा; सांगायचे ते करणाऱ्याच्या भाषेत, आणि सांगणाऱ्याने साहित्याला हात लावायचा नाही. पुढच्या तासाला अदलाबदल.

१९९४ साली एक वायरमन मुलीची तुकडी बदलण्याचा अर्ज घेऊन प्रयोगशाळेत आले. मुलगी वर्गात पहिली येई.

“बाई, हिनं दुसऱ्यांची भाषा शिकत बसायचं, तर अभ्यास कधी करायचा?”

“सही करते, दादा. आधी एवढा प्रयोग बघून घ्या.”

मुलगी हात मागे बांधून उभी होती. समोर शाळेत नवीन आलेली मैत्रीण, एक सेल, दोन तारा आणि बल्ब. मैत्रिणीच्या भाषेत अडखळत मुलीने सांगितले: तारा सेलला जोड, मग बल्बला. मैत्रिणीने दोन्ही तारा सेलच्या एकाच टोकाला लावल्या. बल्ब पेटेना.

“पुस्तकात असंच दिलंय!” मुलगी रडकुंडीला आली.

“पुस्तकाला कुठं जोडायचीय तार?” बाई म्हणाल्या.

वायरमनांचा हात नकळत पुढे गेला.

“दादा, तुमचेही हात मागे.”

पाठ केलेल्या व्याख्येतला एकही शब्द मुलीला त्या भाषेत येत नव्हता. बऱ्याच वेळाने तिने येत होते तेवढेच शब्द जुळवले: घरातून निघ, बल्बमधून जा, दुसऱ्या दाराने घरी ये. मैत्रिणीने एक तार सेलच्या दुसऱ्या टोकाला लावली. बल्ब पेटला. ती हसत काहीतरी बोलली.

“काय म्हणते गं?” वडिलांनी विचारले.

“म्हणते, आधीच असं सांगायचं ना, शहाणे! पण बाबा, मलाच आत्ता कळलं.”

वायरमन म्हणाले, “शिकाऊ पोरांवर दहा वर्षं ओरडतोय. इतकं सोपं करून कधी सांगता आलं नाही.”

“अर्ज द्या, सही करते.”

“राहू द्या, बाई. पुढच्या तासाला काय?”

“ती हिला सांगणार. तुमच्या भाषेत.”

“बघायला येऊ?”

“या की. हात मागे ठेवायचे.”

वायरमन १९९६ साली शाळेच्या पालक समितीवर निवडून आले आणि २००६ पर्यंत तिचे सदस्य होते.