रीत लिहून आण

दोन पाय. टाचांना भेगा पडलेले, फुफाट्याने पांढरे झालेले, वर्गाच्या उंबऱ्यापलीकडे शेजारी शेजारी ठेवलेले. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी कुठे सातवीचं गणिताचं पुस्तक दिसलं की मला आधी ते पाय दिसतात, पुस्तक नंतर.

बहात्तर साली मी बावीस वर्षांची होते. आमच्या नगरच्या घरात सगळे मास्तर नाहीतर कारकून. मलाही कर्जतच्या बाजूला एका गावात शाळा मिळाली आणि सातवीचं गणित माझ्या गळ्यात पडलं. मी मोठ्या हौसेने वर्षाचं नियोजन आखून भिंतीला लावलं. जूनमध्ये अपूर्णांक, दिवाळीपर्यंत काळ-काम-वेग, मग क्षेत्रफळ आणि घनफळ, एप्रिलमध्ये तालुक्याच्या केंद्रावर परीक्षा. त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. श्रावणात विहिरी आटल्या, आणि दिवाळीपर्यंत निम्मा वर्ग आईबापांबरोबर दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेला. मी मात्र नियोजनाची एक ओळही मागे पडू दिली नाही. राग तर माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा.

ते पाय जिचे, ती पोरगी तिसऱ्या रांगेत बसायची. बारा माणसं एक विहीर पंधरा दिवसांत खणतात, तर वीस माणसं किती दिवसांत खणतील, असं मी फळ्यावर लिहायचे आणि माझा खडू खाली यायच्या आत ती म्हणायची, "नऊ." मला ते आवडत नसे. तेव्हा कबूल केलं नसतं, आता करते.

सहामाहीच्या पेपरात तिने दहा उदाहरणांची दहा उत्तरं एकाखाली एक लिहिली होती. सगळी बरोबर आणि रीत एकाचीही नाही. तिच्या शेजारणीची दहाही रीतीसकट बरोबर होती. मी काय समजायचं ते समजले.

"बघून लिहिलंस ना?"

"न्हाई बाई. मनात केलं."

"मनात केलेलं मला दिसत नाही," मी म्हणाले. सगळ्या वर्गादेखत शून्य दिलं आणि वर सांगितलं, "दहाही उदाहरणांची रीत लिहून आण. तोवर वर्गात पाऊल टाकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हाताने आली आणि दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. माझ्या खुर्चीवरून तिचे फक्त पाय दिसत. गणिताचा तास संपला की ते निघून जात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. किती हट्टी पोरगी, असं मला वाटे. पेपर शाळेने दिलेल्या कागदावर लिहिले होते, तिच्याकडे स्वतःची वही तरी आहे का, हे विचारायचं मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं असतं तरी मी विचारलं नसतं.

संक्रांतीनंतर पाय यायचे बंद झाले. मग एका दुपारी तिची आई आली. केसांत दगडाची भुकटी, पदर डोक्यावर घट्ट ओढलेला. ती व्हरांड्याची पायरी चढेना.

"बाई, पोरीनं समदी रीत लिवलीया. येकडाव घरी येऊन बगा."

"घरी कशाला? तिला घेऊन यायला सांगा."

"आनता येत न्हाई. तुमीच या. तिला परीक्षेला बसू द्या बाई, न्हाईतर तिचा बाप तिला बी खडीवर घालनार हाय."

ही नुसती गयावया करतेय असं मला वाटलं. तपासणीला साहेब यायचे होते, दप्तर अपुरं होतं. दोन दिवसांनी येते म्हणाले आणि गेले नाही.

परीक्षेची यादी पाठवायची वेळ आली तेव्हा तीन आठवडे उलटले होते. मग गेले. वस्तीवरच्या त्यांच्या घराची कडी काथ्याने बांधलेली होती. शेजारची म्हातारी अंगणात बसली होती.

"गेली की समदी. आठ दिस झालं. तळ्याच्या कामावर हुती, तितनं फुडं कुटं गेली कुनाला ठाव." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुमीच व्हय त्या बाई? पोरगी लई वाट बगत हुती. मागल्या अंगाला जावा."

मागची भिंत पांढऱ्या मातीने पोतारलेली होती. तिच्यावर कोळशाने दहा उदाहरणं मांडली होती. प्रत्येकाच्या वर 'रीत' असं लिहून खाली रेघ. पायरीमागून पायरी, मी शिकवली तशीच, एक चूक नाही. त्याखाली आणखी उदाहरणं होती, क्षेत्रफळाची आणि घनफळाची, ती दाराबाहेर उभी असताना मी वर्गात शिकवलेली. भिंत संपत आली तशी अक्षरं बारीक झाली होती, शेवटची तर तिने जमिनीवर बसूनच लिहिली असणार. अगदी कोपऱ्यात एक चौकट आखली होती, वह्यांमध्ये मुलं आखतात तशी, आणि तिच्याखाली लिहिलं होतं, 'बाईंची सही'.

मी खाली बसले. पर्समधल्या लाल पेन्सिलीने सही करायला गेले तर मातीचे पोपडेच निघाले. तिथेच कोळशाचा तुकडा पडला होता, तो घेतला आणि चौकटीत सही केली.

म्हातारी मागे येऊन उभी होती. "आता कुनाला दावायची?" ती म्हणाली.

यादीत मी तिचं नाव घातलं. तळ्याच्या कामावर जाऊन आले, आणखी दोन ठिकाणी विचारलं, पण कोणालाच माहीत नव्हतं. एप्रिलमध्ये मुलांना केंद्रावर नेलं आणि गणिताच्या पेपराचे तिन्ही तास मी बाहेरच्या पारावर बसून फाटकाकडे बघत राहिले. त्या दिवशी ते पाय आले नाहीत. पुढे ज्या ज्या शाळेत मी सातवीला गणित शिकवलं, तिथे मात्र आले.