बारीकबाईंचा मोठा मॉनिटर

ती अंगाने चांगली दणकट होती, तरी छापखान्यात सगळे तिला बारीकबाई म्हणायचे. नाव पडलं ते तिच्या नजरेमुळे. दोन ओळींतलं अंतर कुठे केसभर वाढलेलं असलं तरी ते तिला चार हातांवरून दिसायचं, आणि एकदा दिसलं की ते सरळ होईपर्यंत ती कुणाला चहा प्यायलाही उठू द्यायची नाही. पुस्तकांची पानं लावणं हे तिचं काम. मजकूर यायचा, चित्रं यायची, आणि कुठे काय बसवायचं ते ती ठरवायची. छापखान्याला टाळं लागलं तेव्हा ती घरी बसून, लॅपटॉपवर, एका प्रकाशन संस्थेसाठी तेच काम करू लागली. घरचं सगळं आवरायचं, दार लोटायचं आणि पानं लावत बसायचं, यातच तिचा जीव रमायचा.

मग तिचा उजवा डोळा बिघडला. सगळंच दिसेनासं झालं असं नाही, पण नजरेच्या मधोमध एक राखाडी डाग येऊन बसला. समोरच्याचे कान दिसायचे, नाक दिसायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या आतल्या पडद्याची झीज झाली आहे, गेलेलं परत येणार नाही, आता डाव्याला जपा. तिच्या नवऱ्याचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता आणि निवृत्त होऊनही त्याचे हात गप्प बसत नव्हते. त्याने बाजारात हिंडून एक मोठा मॉनिटर आणला, भिंतीत स्क्रू पिळून तिच्या डोळ्यांच्या रेषेत बसवला आणि लॅपटॉपला जोडून दिला. त्यावर अक्षरं बोटाएवढी दिसायची. डाव्या डोळ्याच्या भरवशावर तिची गाडी पुन्हा रुळावर आली.

शाळेतल्या मुलांसाठी शरीराची माहिती देणारं एक जाडजूड पुस्तक तिच्या हातात होतं. हृदयाचं प्रकरण तेवढं उरलं होतं. त्या आठवड्यात एका सकाळी ती कामाला बसली तर मॉनिटर काळाच.

"अहो, जरा इकडे या," तिने हाक मारली. "मॉनिटर गेला."

"गेला म्हणजे? जळका वास येतोय का?"

"वास कसला. सिग्नल नाही म्हणतो आणि झोपून जातो."

नवरा हात पुसत आला. कुठलंही यंत्र अडलं की त्याच्या चेहऱ्यावर किंचित तजेला यायचा. "घाबरू नकोस," तो म्हणाला. "बिघाड कुठे नाही ते आधी बघायचं. एकेक करून बाजूला काढायचं."

त्याने वायर दोन्हीकडून काढली, टोकांवर फुंकर मारली, पुन्हा घट्ट बसवली. मॉनिटरचं मागचं बटण दाबून वायर ज्या भोकात होती तेच निवडलं आहे ना ते पाहिलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. सेटिंगमध्ये जाऊन दुसरा पडदा शोधायला लावला, तर लॅपटॉपने दुसरा पडदा सापडत नसल्याचं कळवलं. टीव्हीची वायर काढून लावली. तरी काळाच.

"वायर नाही म्हणजे," तो म्हणाला.

वरच्या मजल्यावर एक शिक्षिका राहायची. तिचा लॅपटॉप तो जिन्यावरून छातीशी धरून घेऊन आला आणि त्याच वायरने मॉनिटरला जोडला. क्षणात अख्ख्या पडद्यावर तिच्या कुत्र्याचा फोटो झळकला.

"मॉनिटरही नाही. बिघाड तुझ्या लॅपटॉपात आहे."

बारीकबाई तोपर्यंत लॅपटॉपच्या चिमुकल्या पडद्याला नाक लावून बसली होती. अक्षरं वाढवली की पान मावायचं नाही, आणि पान मावलं की अक्षरांच्या मुंग्या व्हायच्या. प्रकाशन संस्थेतल्या संपादक मुलीचा फोन आला तेव्हा तिने जमेल तितक्या हसऱ्या आवाजात सांगितलं, "थोडी तांत्रिक अडचण आहे गं, होऊन जाईल." फोन ठेवल्यावर तिने चष्मा पुन्हा एकदा पुसला. हल्ली डावा डोळाही लवकर दमतो, हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मॉनिटरचा उजेड कमी झाला असेल, चष्मा पुसायला झाला असेल, अशी ती स्वतःचीच समजूत काढत होती.

दोघं लॅपटॉप घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुरुस्तीवाल्याने तो उघडून आत भिंग धरलं. "सॉकेट आतून जळलंय, ताई. बोर्डावरच आहे ते. मी हात घालीन, पण बोर्ड वाचेलच असं काही सांगता येत नाही."

"माझं सगळं काम आहे त्यात," ती म्हणाली.

"मग नकोच. यूएसबीतून चित्र बाहेर काढणारा अडॅप्टर लावू. जळक्या सॉकेटकडे जायचंच नाही."

त्याने अडॅप्टर लावला, त्याचा ड्रायव्हर टाकला, दुकानातल्या मॉनिटरवर चालवून दाखवला. येताना नवरा इतका खुशीत होता की रस्ताभर कुठल्या तरी जुन्या हॉटेलातल्या अडकलेल्या लिफ्टची गोष्ट सांगत राहिला. तीही हसली.

घरी येऊन वायर जोडली. पडदा उजळला, हृदयाचं प्रकरण समोर आलं, आणि ती खुर्ची ओढून बसली.

"धूसर आहे," ती म्हणाली.

"थांब, रिझोल्यूशन कमी पडलं असेल." त्याने दुरुस्तीवाल्याला फोन लावला आणि तो सांगेल तसं एकेक बदलत गेला. "आता?"

"तसंच."

"अक्षरं मोठी केली. आता?"

"मोठी झाली, पण धूसरच आहेत. आणि ओळी मधेच खाली वाकल्यासारख्या दिसतात."

तो पुढे वाकला. ओळी सरळ होत्या. अक्षरं काचेवर कोरल्यासारखी स्वच्छ होती. त्याने फोनवर दुरुस्तीवाल्याला "नंतर करतो" म्हटलं, टेबलावरची स्टीलची पट्टी उचलली आणि पडद्यावर एका ओळीखाली आडवी धरली.

"ही पट्टी बघ."

तिने पाहिलं. मग उजवा डोळा हाताने झाकून पाहिलं.

"पट्टीपण वाकडी आहे," ती म्हणाली.

त्याने पट्टी खाली ठेवली. आता बाजूला काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

डॉक्टरांनी डाव्या डोळ्यात इंजेक्शनं द्यायला सुरुवात केली. उरलंय ते टिकवायचा प्रयत्न करू, एवढंच ते म्हणाले. "वाचता येईल?" तिने विचारलं. "मोठे मथळे येतील," ते म्हणाले.

तरी नवऱ्याने हट्ट सोडला नाही. तू सांग, मी करतो, म्हणून तो स्वतः लॅपटॉपपुढे बसला. ती शेजारी डोळे मिटून सांगायची, "चित्र जरा डावीकडे घ्या."

"किती?"

"अगदी कणभर."

"कणभर म्हणजे किती ते मला कसं कळणार?"

"तुम्हाला खटकत नाहीये का ते?"

"मला काहीच खटकत नाहीये."

पहिल्या दिवशी त्यांचं अर्धं पान झालं. दुसऱ्या दिवशी भांडण झालं, तेही असं की जेवणं न बोलता झाली. तिसऱ्या दिवशी तिने संपादक मुलीला फोन करून सगळी फाइल परत पाठवत असल्याचं सांगितलं. मुलगी फार चांगलं बोलली, काळजी घ्या ताई म्हणाली. पुन्हा तिचा फोन आला नाही, आणि येण्यासारखं कामही नव्हतं. दुरुस्तीवाल्याचा मात्र आला. अडॅप्टर ठीक चालतोय का, असं तो विचारत होता. "उत्तम चालतोय," नवऱ्याने सांगितलं, आणि ते खरंही होतं.

पुस्तक छापून आलं तेव्हा संस्थेने एक प्रत घरी पाठवली. तिने ती हातात घेऊन तोलली, शिवण बोटाने चाचपली, आणि नवऱ्यापुढे धरली.

"मांडणी कुणाची लिहिलीय बघा."

त्याने पहिली पानं उलटली. एक प्रकरण सोडता सगळं पुस्तक तिचं होतं. छापलेलं नाव दुसऱ्याच कुणाचं होतं.

"तुझंच आहे," तो म्हणाला.

"खोटं कशाला बोलता? माझं नाव वाचायला तुम्हाला एवढा वेळ लागत नाही."

"फोन करू का त्यांना?"

"नको. ज्याने पूर्ण केलं, त्याचं नाव आलं." मग ती म्हणाली, "हृदयाचं चित्र कसं बसवलंय तेवढं सांगा."

त्याने ते पान काढलं. "वरच्या बाजूला आहे," तो म्हणाला. "मोठं आहे. खाली मजकूर." तो थांबला. चित्राकडे पाहत राहिला, पण पुढे काय सांगायचं ते त्याला सुचेना. तिने वाट पाहिली, आणि मग हात पुढे करून पुस्तक मिटलं.