कोरा फ्रॉक

"आ कोनी छोकरी छे? फ्रॉक ऊंधुं पहेर्युं छे!"

शेठाणी हसत हसत बोलली. कुणाची पोरगी ही, फ्रॉक उलटा घातलाय. मिलच्या अंगणात दीडदोनशे माणसं बसली होती. सगळ्यांनी माना वळवून माझ्या मुलीकडे बघितलं. मनीषा तेव्हा नऊ वर्षांची होती.

लाभपाचमीचा दिवस. सुरतेत दिवाळीनंतर मिली लाभपाचमीला उघडतात. मशीनला हार, कुंकू, नारळ. आमच्या शेठची त्यात स्वतःची एक पद्धत होती. दिवाळीआधी प्रत्येक कामगाराच्या घरी नव्या मालाचं कापड जायचं. बायकोला साडी, पोरींना फ्रॉकचं कापड. लाभपाचमीला सगळ्या घरांनी तेच घालून यायचं. त्या दिवशी मार्केटमधले व्यापारी पेढा खायला येत. समोर बायकापोरी नव्या मालात रांगेने बसलेल्या. शेठला वेगळे नमुने दाखवावे लागत नसत.

अट एकच. कापड धुवायचं नाही. कोरंच घालायचं. एका धुण्यात फिनिश उतरतं, चमक जाते.

ते फिनिश माझं होतं. मी फिनिशिंग मास्टर. कापड रंगून, छापून झालं की शेवटी माझ्या खात्यात यायचं. हलकं पॉलिएस्टर रसायनाच्या टबातून काढून गरम मशीनवरून नेलं की कडक व्हायचं, भारी वाटायचं. किती रसायन, किती गरमी, हे मी ठरवायचो. डोळे मिटून दोन बोटांत कापड चोळलं की सांगायचो, या लॉटला थोडं कमी पडलंय. व्यापारी म्हणायचे, मास्टरचा हात आहे. धुळ्याकडच्या एका खेड्यातून रिकाम्या पिशवीने आलेला माणूस मी. त्या हातावर मी उभा होतो.

मनीषाला कोरं कापड सहन होत नसे. अगदी लहानपणापासून. लेबल, इलॅस्टिक, जरी, शिवणीची कड. काहीच नाही. कपडे काढून फेकायची. माझे जुने बनियन तेवढे अंगात ठेवायची, धुऊन धुऊन विरलेले. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, मास्टरची पोर बघा, चिंध्या घालते. ते मला फार लागायचं. मिलभर माझ्या हाताचं कौतुक, आणि घरात पोरगी फाटक्या बनियनवर.

त्या सकाळी तिच्या आईने मार्ग काढला. शेठचा फ्रॉक घातला, पण उलटा. शिवणी आणि जरीची कापलेली टोकं बाहेर. आत माझं बनियन. मनीषा शांत उभी होती. मी म्हणालो, सरळ कर. तिची आई घरात अहिराणीच बोलायची. म्हणाली, "राहू द्या. तिना आंगनी आग व्हस."

तिच्या अंगाची आग होते. हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. हे आधी लिहून ठेवतो. कारण पुढे तीस वर्षं मी म्हणत आलो की तेव्हा आम्हाला काय माहीत होतं.

उशीर झाला होता म्हणून तसेच निघालो. वाटलं, गर्दीत कोण बघतंय.

शेठाणीने बघितलं. मग शेठ व्यापाऱ्यांमधून माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाला, "मास्टर, फिनिश तमे मारो, ने ऊंधुं तमारे ज घेर?" फिनिश तुम्ही मारता, आणि उलटं तुमच्याच घरी? व्यापारी हसले. माझ्या हाताखालचे कामगारही हसले. शेठाणी शेजारच्या बाईला म्हणाली, मला ऐकू येईल असं, "आ लोकोने पहेरतां ज क्यां आवडे छे."

या लोकांना घालताच कुठे येतं.

विणणारे आम्ही. रंगवणारे आम्ही. रसायनाच्या वाफेत खोकणारे आम्ही. आणि घालता आम्हाला येत नाही. हे मला आज सुचतं. त्या दिवशी मी हात जोडले. म्हणालो, "भूल थई गई, शेठ."

"सीधुं करावी लावो," शेठ म्हणाला.

तिच्या आईने पोरीला पाठीशी घेतलं. मी ओढून काढली. फोल्डिंग खात्यात नेली. आत कुणी नव्हतं. फ्रॉक काढला. गळ्याशी बनियन दिसलं असतं म्हणून तेही काढलं. फ्रॉक सरळ करून उघड्या अंगावर चढवला. पाठीवरचे हुक लावले. तिने काढले. पुन्हा लावले. पुन्हा काढले. ती रडत नव्हती. घशातून एकच बारीक, लांब आवाज निघत होता. बाहेर पूजा सुरू झाली होती. टेबलावर पार्सलं शिवायची जाड सुई पडली होती, दोरा ओवलेली.

मी तो फ्रॉक तिच्या अंगावर शिवून टाकला. पाठीवर, मानेपासून कमरेपर्यंत. गुडघ्यांत तिला आवळून धरली आणि भराभर टाके घातले. दोनदा सुई कातडीत गेली.

नंतर दोन तास ती रांगेत बसली. हलली नाही. डोळ्यांची पापणीसुद्धा हलत नव्हती. निघताना शेठाणीने तिच्या हातावर पेढा ठेवला. "जो, केवी डाही थई गई!" बघ, किती शहाणी झाली. आणि मला बरं वाटलं. हेही लिहितो. मला त्या क्षणी बरं वाटलं.

घरी तिच्या आईने कात्रीने टाके कापले. मानेपासून कमरेपर्यंत कातडी लाल, जागोजागी फोड. काखेत सोललेलं. मीच मिसळलेलं रसायन, मीच ठरवलेला कडकपणा. त्यानंतर चार महिने मनीषा एक शब्द बोलली नाही.

चार दिवसांनी तिचा मामा गावाहून आला. भाचीची पाठ आणि टाके कापलेला फ्रॉक बघून तो बहिणीवर ओरडला, "हाई कोनी शिवं व माय?"

ती तोंड उघडणार इतक्यात मी म्हणालो, "तिनेच. पोर कपडे काढून फेकते म्हणून."

तिने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग पदर पुढे ओढून चुलीकडे वळली. मला खोटं पाडलं नाही. का नाही पाडलं, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत पाहिजे ना.

"तू माय शेस का कसाई?" मामा म्हणाला आणि न जेवता निघून गेला.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षयतृतीयेला, भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो. बाईमाणूस वर्षभर त्याची वाट बघतं. मामा पुन्हा कधी आला नाही. कुणाला पाठवलंही नाही. सगळ्या भाऊबंदांत एकच चर्चा, पोटच्या पोरीला शिवणारी बाई. दरवर्षी आखाजीच्या आठ दिवस आधी मनीषाची आई एक पिशवी भरून दाराशी ठेवायची. दोन लुगडी, भावाच्या पोरांसाठी कपडे. आखाजी झाली की दुसऱ्या दिवशी पिशवी रिकामी करायची. अशा अठ्ठावीस आखाज्या मी बघितल्या. समोर खुर्चीत बसून बघितल्या.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. मामा मातीला आला. लांब उभा राहिला. बहिणीचं तोंड बघितलं नाही. तेव्हाही मी बोललो नाही.

आई गेल्यावर मनीषाने अंगावरचा कुर्ता काढलाच नाही. सदतीस वर्षांची बाई, अकरा दिवस एकच कुर्ता. मी नवे आणले, तिने हात लावला नाही. तिच्या भावाने, माझ्या धाकट्या मुलाने, तिला सरकारी दवाखान्यात नेलं, मीही गेलो. डॉक्टरीण तरुण होती. तिने खूप वेळ बारीकसारीक विचारलं, लहानपणापासूनचं. मग ऑटिझम हा शब्द सांगितला. वेड नाही, हट्ट नाही. जन्मापासूनची घडण आहे, म्हणाली. आवाज, उजेड, स्पर्श अशा माणसांच्या अंगावर जास्त येतात. मग तिने सरळ मनीषालाच विचारलं, "ताई, नवे कपडे टोचतात का?"

मनीषा टेबलाकडे बघत म्हणाली, "टोचत नाहीत. आग होते."

आईचाच शब्द. तोच. मी खुर्चीवरून उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. जे मला दोन बोटांत कळायचं, ते हिला सगळ्या अंगाला कळत होतं. माझ्या बोटांना मास्टर म्हणाले. हिच्या अंगाला वेडी म्हणाले. आणि म्हणणाऱ्यांत पहिला मी.

आता तिचे कपडे मी करतो. मऊ सुती कापड आणायचं. बाधणारं काही राहू नये म्हणून दहा-बारा वेळा साध्या पाण्यात धुवायचं. लेबल उसवायचं, एकेक धागा काढायचा. ती कुर्ता उलटा घालते, शिवणी बाहेर. हे सगळं तिची आई एकटीने करत होती, आणि मी त्याला लाड म्हणायचो. कपडे वाळले की मी दोरीवर सोडून आत जातो. मग मनीषा येऊन घेते. माझ्या हातून घेत नाही. माझ्या हातात कापड असलं की ती खोलीत थांबतच नाही.

गेल्या लाभपाचमीला धाकट्या शेठचं बोलावणं आलं. थोरले शेठ गेले. आता मुलाने सुरतेबाहेर, सचिनच्या औद्योगिक वसाहतीत नवं युनिट टाकलंय. जुन्या मास्टरांचा सत्कार होता, घरच्यांसकट यायचं होतं. सोबत साडी पाठवली होती, नव्या मालाची. मी एकटाच जाणार होतो. मनीषा म्हणाली, "मी येते. मला मशीन बघायचंय." ती घरी साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम करते. कापडातली चूक तिला चटकन दिसते. पण कापड होतं कसं, हे तिने कधी बघितलं नव्हतं.

"माझे कपडे?" तिने विचारलं.

"तुझेच," मी म्हणालो.

गेटावर सूटबूट घातलेला एक मॅनेजर होता. वाकून पाया पडला. मग त्याची नजर मनीषावर गेली. हळूच म्हणाला, "काका, बेननो कुर्तो ऊंधो छे. स्टेज पर फोटा पडवाना छे. अंदर रूम छे, सीधो करावी लो ने."

वाईट माणूस नव्हता तो. आवाज मऊ होता. पण शब्द तेच होते.

मी मनीषाकडे बघितलं. ती मॅनेजरकडे बघत नव्हती. ती माझ्या हाताकडे बघत होती. तिने दोन्ही हात मागे नेले होते आणि मानेजवळचं कापड घट्ट पकडलं होतं. चाळीस वर्षांची माझी मुलगी. तिला त्याची भीती नव्हती. माझी होती.

मी म्हणालो, "ऊंधो नथी. एणे आम ज पहेर्यो छे. आम ज रहेशे." उलटा नाही. तिने असाच घातलाय, असाच राहील.

"पण काका, शेठे साडी मोकली हती ने?"

"घेर पडी छे. कोई नहीं पहेरे." घरी पडलीय, कुणी घालणार नाही.

तो शेठला विचारून येतो म्हणाला. मी थांबलो नाही, मनीषाला घेऊन गेटावरूनच परत फिरलो. विचारायचं काय त्यात? माझ्या मुलीने काय घालायचं, हे एकदा त्या अंगणात विचारून झालं होतं.

रिक्षात मनीषा अगदी कडेला बसली. हात अजून मानेजवळच. मग म्हणाली, "आप्पा, सुई आणलीय?"

"नाही."

"खिसे दाखवा."

मी चालत्या रिक्षात सदऱ्याचा खिसा उलटा केला. मग पँटचे दोन्ही. रुमाल, चष्म्याचं घर, सुटे पैसे खाली पडले. तिने नीट बघितलं. मान हलवली. तरी घर येईपर्यंत हात मानेवरून काढले नाहीत. मशीन तिला बघायला मिळालं नाही, तेही माझ्याच खात्यावर.

एकतीस वर्षं ती हे डोक्यात घेऊन फिरते आहे. बापाच्या खिशात सुई असेल.

माझा धाकटा म्हणतो, "आप्पा, आता कशाला उकरता? आई गेली. मामाही थकलाय. तुमचं वय बघा." वय बघूनच लिहितोय. मी गेलो की ते खोटंच खरं म्हणून राहील.

यंदा आखाजीला मी मामाच्या गावी जाणार आहे. कुणी बोलावलेलं नाही. तिथे अंगणात सगळे जमतात, पितरांच्या नावाने घागर भरतात. तिच्याही नावाची भरतील, मनात कसाई म्हणत भरतील. घागरीत पाणी पडायच्या आधी मी उभा राहणार. शेठ काय म्हणाला, कोण हसलं, काळ कसा होता, यातलं काही सांगणार नाही. एवढंच सांगणार: बहिणीने नाही शिवलं, मी शिवलं. आणि तिच्यावर ढकललं. माफी मागणार नाही. माफी मागितली की समोरच्यावर ओझं पडतं, काहीतरी देण्याचं. मला काही घ्यायचं नाही. पुढे ते जे करतील ते करोत. अंगणाबाहेर काढलं तर रस्त्यावर उभा राहून सांगेन.

मनीषाला नेणार नाही. तिला पुन्हा कुणासमोर उभी करणार नाही, माझ्या पश्चात्तापासाठीही नाही.

परत येईन तेव्हा ती दारात असेल. माझ्या हाताकडे बघेल. तिने म्हणायची वाट न बघता मी खिसे उलटे करीन. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, रोज. तिला पटेल म्हणून नाही. बघायचा तिचा हक्क आहे म्हणून.