भट्टीची बारा मिनिटं

कंपनीची बस सक्करदऱ्याच्या चौकात थांबली आणि पुरुभाऊ तिथे नव्हता. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. तेवढ्यात त्याचे घरमालक धावत आले. खिडकीला हात लावून म्हणाले, "जाऊ द्या तुम्ही. पहाटेच गेला तो... छातीत दुखलं म्हणे." मला सगळ्यात आधी भट्टी आठवली. दीड महिना झाला, तरी त्या विचाराची लाज वाटते.

पुरुभाऊ उमरेडच्या कोष्टी घरातला. वडील मागावर बसत, हा हिंगण्याला आमच्या कारखान्यात कंप्युटरवर. शकुनवहिनी उमरेडच्या शाळेत शिक्षिका. त्यामुळे हा आठवडाभर नागपुरात खोली करून राही आणि शनिवारी संध्याकाळी एसटीनं घरी जाई. आमच्याकडे लोखंडी भाग भट्टीत तापवत. तो माल किती वेळ ठेवायचा ते कंप्युटर मोजायचा, वेळ झाली की घंटी द्यायचा आणि कागद छापायचा. तो छापील कागद पाहिल्याशिवाय गिऱ्हाईक माल घेत नसे.

तो प्रोग्रॅम मुंबईच्या एका माणसानं लिहून दिला होता. घड्याळाकडे न बघता कंप्युटर नुसतेच आकडे मोजत बसे आणि ठरावीक आकडा झाला की बारा मिनिटं झाली असं समजे. जुन्या मशीनवर ते बरोबर जमत होतं. मग सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात नवा, दुप्पट-तिप्पट वेगाचा कंप्युटर आला. साहेबांनी नारळ फोडला, पेढे वाटले. पहिल्याच दिवशी बारा मिनिटांची घंटी पाचव्या मिनिटाला वाजली आणि सगळा माल कच्चा निघाला. प्रोग्रॅम लिहिणारा तोवर परदेशी गेला होता आणि त्याचं मूळ लिखाण कोणाकडेच नव्हतं. जुनं मशीन तर साहेबांनी आधीच देऊन टाकलं होतं.

तोड काढली पुरुभाऊनं. नव्या कंप्युटरला वेग कमी करायचं एक बटन होतं. ते दाबूनही घंटी लवकरच होई, म्हणून तो बाराच्या जागी एकोणीस, कधी बावीस असा आकडा टाकी. किती भट्ट्या चालू आहेत, त्यावर तो आकडा बदले. मग मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवी आणि घंटी खरी आहे की नाही ते बघत बसे. साहेब पाहुण्यांना सांगत, "सगळं कंप्युटरवर चालतं." चालत होतं ते पुरुभाऊच्या घड्याळावर! पण त्या खोलीतून त्याला चहालासुद्धा उठता येईना. बारा मिनिटं संपली की दुसरी बारा मिनिटं सुरू.

पुढच्या वर्षी त्याला उमरेडच्या कोळसा खाणीच्या ऑफिसातून नोकरीचं पत्र आलं. महिन्याभरात हजर व्हायचं होतं. साहेब म्हणाले, "कोणाला तरी तयार कर, लगेच सोडतो." कंप्युटर कळणारा दुसरा माणूस एकच होता... मी.

"शिकून घे ना गा," तो डबा उघडता उघडता म्हणाला. "आठ दिवसांचं काम आहे. हे लोक मले सोडून नाही राहिले."

मी हो म्हटलं. मग आधी पाहुणे आले, मग माझे डोळे दुखले, मग मेव्हण्याचं लग्न निघालं. एकदा त्यानं विचारलंही, "काहून गा, उद्या-उद्या करून राहिला?" मी हसलो. खरं सांगतो, मला सगळं समजत होतं. एकदा शिकलो की त्या खुर्चीतून माझी सुटका नाही, हे तर फारच चांगलं समजत होतं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी सरळ म्हणालो, "मला नाही जमायचं." महिना सरला आणि ती नोकरी हातची गेली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. पुरुभाऊनं भांडण केलं नाही, की मला पुन्हा विचारलं नाही. डब्यातली अर्धी भाकरी मात्र तशीच पुढे करत राहिला. मीही ती घेत राहिलो.

तो गेला त्या सकाळी भट्टी बंद राहू नये म्हणून साहेबांनी मलाच त्या खुर्चीत बसवलं. मी बटन दाबलं, एकोणीस टाकले. घंटी बरोबर बाराव्या मिनिटाला झाली. कोणी न शिकवता जमलं.

पंधरवड्यानं शकुनवहिनी त्याचं सामान न्यायला आल्या. डबा घेतला, स्वेटर घेतला. शेवटच्या दिवशी तो टेबलावरच विसरून गेलेलं घड्याळ हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मग ते त्यांनी होतं तिथेच, माझ्यासमोर ठेवलं.

"घरी आले की काढून ठेवत ते," त्या म्हणाल्या. "घरी त्याईले लागत नव्हतं. तुम्हालेच लागंल आता."

मी ते अजून मनगटावर बांधलेलं नाही. टेबलावरच असतं, त्याच्या जागी. हे लिहितानाही मी दर ओळीला त्याकडे बघतो आहे, कारण घंटीला अजून चार मिनिटं आहेत आणि मला उठता येत नाही.