पाठमोरं सैन्य

रोलंड बिअर्डसॉलला आपल्या सैनिकांच्या पाठी पाठ होत्या. टेबलाच्या ज्या बाजूला आपण बसतो तिथून आपलं सैन्य पाठमोरंच दिसतं, आणि इंग्लंडमधल्या बीस्टनच्या चॅपलच्या हॉलमध्ये, आमच्या खेळाच्या क्लबात, रोलंड वीस वर्षं एकाच बाजूला, खोली तापवणाऱ्या रेडिएटरला टेकून बसत आला होता. समोर गॉर्डन पेल. रोलंडकडे पिसांच्या टोप्यांवाले राजाचे लोक, गॉर्डनकडे संसदेचे. दर गुरुवारी संध्याकाळी पेरभर उंचीची ही खेळण्यातली माणसं पावणेचारशे वर्षांपूर्वीचं राजा आणि संसदेमधलं यादवी युद्ध पुन्हा लढत.

दोघं फारसं बोलत नसत. "तुझी पाळी." "तीन पडले." "उचल मग." एवढ्या बोलण्यावर रोलंडचा आठवडा निघायचा. गॅसचे मीटर बसवायची नोकरी संपली होती, आणि घरात त्याच्याशिवाय कुणी नव्हतं.

मग गॉर्डन व्हिटबीला मुलीकडे राहायला गेला. सैन्य बरोबर घेऊन गेला.

हॉलमधले बाकीचे आम्ही कुणी ड्रॅगन खेळवतो, कुणी अंतराळातले राक्षस. राजाच्या घोडेस्वारांना राक्षसांशी लढवता येत नाही. एका युद्धाचं सैन्य त्याच युद्धाच्या शत्रूपुढे उभं राहू शकतं, नाहीतर कपाटात. रोलंडने ते कपाटात ठेवलं नाही. तो गुरुवारी यायचा, माणसं मांडायचा आणि रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून बसायचा. चहा प्यायचा, माणसं डब्यात भरायचा, घरी जायचा.

शेवटी बेरिल हेक्स्टॉल आली. क्लबची सगळी व्यवस्था तिच्याकडे.

"रोलंड, राजा, असं टेबल अडवून बसता येत नाही रे. लोक ताटकळलेत."

"मी खेळतोय."

"कुणाशी? भिंतीशी?"

"आणि भिंत जिंकतेय," ड्रॅगनवाला केल्विन पलीकडून ओरडला.

सगळे हसले. रोलंडही हसला, थोडा उशिरा. "ईस्टरपर्यंत थांब, बेरिल. शत्रू आणतो."

"कुठून आणणार?"

"बनवतो."

त्याने शत्रूचे खोके मागवले आणि स्वयंपाकघरात खिडकीशी बसला. राखाडी प्लास्टिकच्या चौकटीत हात, पाय, डोकी सुटी सुटी लटकलेली असतात. ती कातरून काढायची. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे प्रत्येक अंगावर बारीक रेघ उठते. ती पात्याच्या पाठीने खरवडायची, नाहीतर रंग लावल्यावर जखमेच्या व्रणासारखी दिसते. मग गोंद. हा गोंद खरं तर चिकटवत नाही, प्लास्टिक वितळवतो. दोन तुकडे एकमेकांत विरघळतात आणि एक होतात. एकदा जोडलेला हात पुन्हा सुटत नाही, मोडतो. त्यामुळे डोकं कुठे वळवायचं ते आधी ठरवावं लागतं. रोलंडने सगळी डोकी सरळ समोर लावली.

दमट हवेत प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या थराचा, फवारा मारला तर तो पिठूळ बसतो. फेब्रुवारीभर पाऊस होता. तो रोज दार उघडून हात बाहेर काढून बघायचा आणि दार लावायचा. संसदेची माणसं बाटल्यांच्या बुचांवर उभी, राखाडी, बिनरंगाची. त्यांच्यासमोर बसून तो जेवायचा.

कोरडा दिवस मिळाला तेव्हा त्याने गॉर्डनला फोन केला. हा फोन त्याने नंतर बेरिलला सांगितला.

"तुझ्या लोकांचे कमरपट्टे कुठल्या रंगाचे होते रे?"

"नारिंगी. का?"

"सहज."

"जमतंय ना तिकडे?"

"जमतंय की."

"बरं, ठेवतो. जेवायला बोलावतायत."

रंगवताना त्याने एक हिशेब केला. शत्रू आपल्याला समोरून दिसणार, म्हणजे चेहरेच महत्त्वाचे. त्याने प्रत्येकाला भुवया दिल्या, दाढीचे खुंट दिले, एकाला सर्दीचं लाल नाक दिलं. पाठींवर नुसता तपकिरी हात फिरवला. आपलं सैन्य रंगवताना, वीस वर्षांपूर्वी, नेमकं उलट केलं होतं.

ईस्टरनंतरच्या गुरुवारी त्याने दोन्ही सैन्यं मांडली. क्लबात नवीनच आलेली जोसलिन टॅपर समोर उभी राहिली. ती रुग्णवाहिका चालवते.

"खेळायला कुणी हवंय म्हणे?"

"हवंय."

दोन्ही सैन्यं एकाचीच असली तर बाजू पाहुण्याने निवडायची, अशी आमच्याकडे रीत आहे. रोलंडला ती माहीत होती. कधी लागली मात्र नव्हती.

"मग ते पिसांच्या टोप्यांवाले माझे," जोसलिन म्हणाली, आणि रेडिएटरजवळच्या खुर्चीत बसली.

 रोलंड टेबलाला वळसा घालून गॉर्डनच्या खुर्चीत जाऊन बसला.

तिथून त्याच्यापुढे तपकिरी, घाईने माखलेल्या पाठी होत्या. त्यांच्या पलीकडून राजाचं सैन्य त्याच्याकडे बघत होतं. डोळ्यांच्या जागी ठिपके. एक ठिपका गालावर घसरलेला, एकाचे दोन्ही नाकाशी. कुणाला तोंडच नाही. गॉर्डनने वीस वर्षं हे समोर बघितलं होतं आणि एकदाही बोलला नव्हता.

"यांचे डोळे असे काय हो? प्यायलेत का?" जोसलिन म्हणाली.

"राजाचे लोक ते," केल्विन म्हणाला. "शुद्धीत कधी होते?"

खेळ सुरू झाला. दोनदा रोलंडचा हात आपोआप टेबलापलीकडच्या घोडेस्वारांकडे गेला.

"ओ संसद! हात मागे! घोडे माझे."

"हो, हो. तुझेच."

तो जिंकला. घोडेस्वार कुठवर उधळतील हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? जोसलिन हरली तरी खुशीत होती.

"पुढच्या गुरुवारी वचपा काढते."

"बाजू बदलायची?"

"छे! ओळख झालीय आता यांच्याशी. घरी नेऊ का? तेवढे डोळे नीट करून आणते."

 एक घोडेस्वार उचलून रोलंडने आपल्याकडे वळवला, बघितला, डब्यात आडवा ठेवला. बाकीचेही त्याने स्वतःच भरले, हळूहळू, मध्ये मध्ये कापूस घालत. मग डबा टेबलावरून पलीकडे सरकवला.

"ने," तो म्हणाला. "पण ये."

"येणार म्हणजे काय!" म्हणत ती डबा काखेत मारून गाडीकडे गेली.

बेरिल खुर्च्या गोळा करत होती. "पुढच्या गुरुवारी टेबल ठेवू ना तुला?"

"दोघांना," रोलंड म्हणाला, आणि दाराकडे बघत राहिला.